धुरात मारलेली हाक

प्रिय माय,

आज तुला लिहायला बसले, कारण हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. ह्यांचा खोकला अजून थांबलेला नाही. तो धुराचा की माझ्या जिभेचा, हे मला कळेना झालंय.

तू गेल्यावर लातूरचा जिल्हा झाला. नव्या कचेरीत ह्यांना नोकरी लागली आणि डाळीच्या मिलमागच्या गल्लीत आम्ही खोली घेतली. गल्लीला तोंड एकच. त्याच तोंडाशी, दुष्काळातल्या जनावरांसाठी, कडब्याची उंच गंज रचलेली. मी पहिल्या दिवसापासून धसकलेली. ही पेटली तर निघायचं कुठून? हे हसायचे. तरी मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं: आधी चूल विझवायची, गाठोडं उचलायचं, न्हाणीमागच्या दारानं मिलच्या आवारात निघायचं. चुकामूक झाली तर दारातल्यानं हाक मारायची, आतल्यानं हाकेच्या रोखानं यायचं. घाईच्या वेळी डोकं थंड ठेवावं, हे तुझंच ना?

परवा भर दुपारी गंज पेटली. विझवायला पाणी कुठलं! मी चूल विझवली, गाठोडं घेतलं. हे घरमालकीण म्हातारीला आणायला मागे वळले, आणि अंगणात धूर असा भरला की स्वतःचा हात दिसेना. दारात उभी राहून मी हाक मारली, "अहो!"

माय, पलीकडच्या भिंतीशी एक बाई तेच ओरडत होती, "अहो!" तिच्या पुढे आणखी एक. हाक एकच, आणि नवरे किती! ह्यांचा खोकला माझ्यापासून लांब, गल्लीच्या पेटलेल्या तोंडाकडे चालला होता. सगळं ठरवलं होतं मी. हाक कोणती मारायची, तेवढंच राहून गेलं होतं.

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तू सांगायचीस. अप्पांचं नाव सोमनाथ, म्हणून सोमवारला तू जन्मभर महादेवाचा वार म्हणालीस. माझं लग्न ठरलं तेव्हा मला बजावलंस, "आता काशीला काशी म्हणू नको बाई. तीर्थ म्हण." किती हसलो होतो आपण! त्या दारात तेच आठवलं. नाव घ्यावं तर आयुष्य घटतं, न घ्यावं तर माणूसच जातो.

मी ओरडले, "काशिनाथ!"

खोकला थांबला. वळला. जवळ आला. म्हातारीला पाठीवर घेऊन हे बाहेर पडले. भुईला पाय टेकताच म्हातारी म्हणाली, "लई शिकलीस गं. नवऱ्याला पोरासारखं नावानं बोलावतीस!" गल्लीत आता तेच चाललंय. हे मात्र खोकत खोकत म्हणतात, "पुन्हा एकदा म्हण की." मला म्हणवत नाही.

चुलीच्या राखेत मला अक्षरं तूच शिकवलीस. 'सोमवार' लिहायचीस, मला वाचायला लावायचीस आणि स्वतः गप्प बसायचीस. एकटी असताना कधी वाचलंस का गं? एकदाही हाक मारावीशी वाटली नाही?

घरात मी 'अहो'च म्हणेन, तुझा शब्द मोडणार नाही. पण पुन्हा तसं दारात उभं राहायची वेळ आली, तर भीत भीत का होईना, मोठ्यानं नाव घेईन. तोवर लिहिलेलं चालतं, हे तूच शिकवलंस.

तुझी,
सुमन काशिनाथ