पूजेतला पाना

सातारा,
११ नोव्हेंबर २०२५

ति. नानाकाकांना,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

फोन तुम्ही दोन वेळा रेंज नाही म्हणून कापलात. तिसऱ्यांदा लावणार नाही. फौजेत असताना तुम्हीच सांगायचात, जे तोंडानं जमत नाही ते कागदावर लिहावं. काकी मला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवून घ्यायची, ती तुमच्या पलटणीला पत्र लिहिता यावं म्हणून. त्याच अक्षरात आज लिहिते आहे.

रविवारी सांगलीला दवाखान्यात मायाला पाहून आले. उजव्या हाताची तीन बोटं गेली. उरलेली दोन वाकतील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. बँडेजच्या कडेनं गिरणीतली हळद दिसत होती, ती धुऊन जात नाही म्हणाल्या सिस्टर. माया मला काय म्हणाली ठाऊक आहे? पोतं भरत आलं होतं, त्यात रक्त सांडलं, नाना लय रागावलेत का, असं विचारलं तिनं. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले. रडू नाही आलं काका, चीड आली. अजून आहे.

दळणाच्या यंत्राचा पट्टा भुकटीनं सरकतो आणि बायका यंत्र बंद न करता तो हातानं ढकलतात, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच तर पट्ट्यावर लोखंडी जाळी होती. ती कुठे गेली? मी इथे कंपनीत रोज सकाळी नव्या कामगारांना पहिला धडा हाच देते, की फिरत्या चाकाला माणूस ओळखता येत नाही, आधी बटण बंद करा, मग हात घाला. आणि माझ्याच घरच्या गिरणीत हे झालं.

जाळी का बसवली नाही तेवढं मला लिहून कळवा. काकीला नमस्कार. तब्येतीला जपा, असं दर वेळी लिहिते. या वेळी ते मायासाठी लिहिते.

तुमची
दीपमाला


कुंडल,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमाला हिस,
नानाकाकाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचलं आन् ताटावरनं उठलो. साताऱ्यात दोन वर्सं डोक्यावर पिवळं टोपडं घालून हिंडलीस, तर चुलत्याची झडती घ्याया लागलीस व्हय गं? सतरा वर्सं बंदूक हाताळली मी. नखाला इजा न्हाई.

मायाचं मलाबी वाईट वाटतंय. उचलून जीपमध्ये घातली ती मीच. दवाखान्याचं सगळं मी बघतोय, त्याची तू काळजी करू नगंस. पण कुणीतरी तक्रार केलीया आन् सरकारी तपासनीस येणार हाय. तवा आता डोकं थंड ठेवून ऐक.

तू सुरक्षेचं शिकलेली. तुझ्या सहीला वजन हाय. एका कागदावर एवढंच लिहून दे, की खंडेनवमीला तू गिरणीत आलतीस, समद्या बायकांना यंत्राची माहिती दिलीस, तवा जाळी जागेवर होती, आन् मायानं ती मागनं आपल्या हातानं काढली. मायाला मी वाऱ्यावर सोडणार न्हाई, पण कागदावर चूक तिची दिसाया पायजे. न्हाईतर गिरणीला टाळं लागंल आन् बाकीच्या आठ बायकाबी घरी बसतील. मग त्यांच्या चुलीचं काय ते तूच येऊन बघ.

अजून एक. गिरणी माझ्या नावावर न्हाई. बाईच्या नावावर सवलत मिळते म्हणून कागद तुझ्या काकीच्या नावाचं केल्यात. तपासनीस आला तर तिला उभी करणार, मला न्हाई. तुझी आई गेल्यावर जिच्या हातचं खाऊन वाढलीस, तिला कचेरीच्या पायऱ्या चढवायच्या का, ते तू ठरव. तिला यातलं काय ठावं न्हाई, आन् सांगायचंबी न्हाई.

पत्र मिळंल तसा कागद पाठव. पोरी, राग सोड. घर एक हाय, ते एक ऱ्हाऊ दे.

तुझा काका,
नानासो


सातारा,
१९ नोव्हेंबर २०२५

ति. काकी आणि ति. काका यांना,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्पीड पोस्टानं काकीच्या नावावर पाठवते आहे. काकी, आधी तू वाच. सोबत काकांनी मला लिहिलेलं पत्रही आहे. ते तुझ्यापासून लपवायला सांगितलं होतं. तीन दिवस मी तेच करत होते, म्हणून उशीर झाला.

काका, तो कागद मी देणार नाही. जाळी मायानं काढली नाही. खंडेनवमीच्या सकाळी ती तुम्ही काढलीत, चाकाला हळदीकुंकू लावता यावं म्हणून. मी शेजारी उभी होते. त्या चाकावर पाच बोटं मीच उमटवली. नंतर म्हटलं, काका, जाळी आजच बसवून टाका. तुम्ही म्हणालात, जाळी आवळायचा पाना पूजेत ठेवलाय, दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नसतो, एवढंबी शिकिवलं न्हाई का तुझ्या कंपनीनं. सगळे हसले. मीही हसले. पुरणपोळी खाऊन चारच्या एसटीनं साताऱ्याला आले.

दुसऱ्या दिवशी पूजा उतरली, पाना खोक्यात गेला आणि यंत्र सुरू झालं. जाळी भिंतीला टेकून राहिली.

यात माझं काय चुकलं, तेही लिहिते. दिवाळीत मी चार दिवस घरी होते. गिरणी घरापासून किती लांब आहे? पन्नास पावलं. मी एकदाही डोकावले नाही. वेळ नव्हता, असं आतापर्यंत स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे जाळी नसेल याची मला भीती होती, कारण नसती तर तुमच्यापुढे तोंड उघडावं लागलं असतं. परक्या माणसांना मी मशीन बंद करायला लावते, सुपरवायझरशी भांडते. तुमच्यापुढे मात्र माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्या गप्प बसण्यानं मायाची बोटं गेली.

हे सगळं, माझ्या गप्प बसण्यासकट, मी लिहून तपासनिसांच्या कार्यालयात दिलं आहे. माझ्या साहेबांनाही सांगितलं. नोकरीवर काय परिणाम होईल ते माहीत नाही.

काकी, कागद तुझ्या नावाचे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. कळल्यावर दोन वेळा लिहिलेलं फाडलं. पण तुला वाचवायचं तर मायाला खोटं पाडावं लागतं, आणि ते मला करता येत नाही. तू मला माफ कर असं म्हणणार नाही. रागव, पण बोलायची थांबू नकोस.

तुझी
दीपमाला


कुंडल,
२६ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमाला हिला,
काकीचे अनेक आशीर्वाद.

पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं तेव्हा तुझे काका बाजूलाच होते. द्या इकडं म्हणाले. मी दिलं नाही. देवघरात बसून दोन्ही पत्रं वाचली.

मग विचारलं त्यांना, ही गिरणी माझी कधी झाली? म्हणाले, ते बचत गटाचे कागद होते ना, त्यातच होतं ते, तुला काय कळतंय त्यातलं. खरं आहे. ते बोट ठेवतील तिथं मी सही करत आले. तुला अक्षरं शिकवणारी मी, आणि स्वतः कागद न वाचता सही करत होते. फार लाज वाटली गं. मग संताप आला, तो अजून उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेले आणि बायकांना म्हटलं, आज दळण बंद, हजेरी लागेल, घरी जा. त्यांना वाटलं मी चेष्टा करते. त्यातली राणी म्हणाली, आवं वहिनी, नानांना इचारलं का? मी सांगितलं, मालकीण कोण ते नानांनाच विचारून ये. तुझे काका दारात उभे होते. 

काल तपासनीस आले. जाळी आता भिंतीजवळून उचलून यंत्रावर बसवलेली होती, ती कुणी बसवली ते मी सांगत नाही. तुझे काका सांगू लागले, की माया अडाणी बाई, तिनं जाळी काढली. मी पुढं होऊन म्हटलं, साहेब, कागदावर मी आहे तर मला विचारा. जाळी यांनी काढली, ताट धरून मी उभी होते, पाना पूजेत होता म्हणून बसवली नाही आणि पुढं कुणी बसवलीच नाही. त्यांनी लिहून घेतलं. मी ते दोन वेळा वाचलं. एका जागी त्यांनी कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं होतं. तिथं खोडून मालकाचा करायला लावलं, आणि मग सही केली. पुढं काय शिक्षा व्हायची ती होईल.

आता तुझं. तुझ्यावरही राग आहे माझा. पन्नास पावलं तुला जड झाली. पण काका घरात आले की आवाज खाली, काका बोलले की मान खाली, हे तुला मीच शिकवलं. अक्षरांच्या आधी शिकवलं. ते शिकवणं चुकलं माझं. तू ते विसर, मीही विसरायला लागले आहे.

मी रोज सकाळच्या गाडीनं सांगलीला जाते. मायाला डाव्या हातानं अजून घास घेता येत नाही, भात सांडतो आणि ती शरमते. म्हणून मी भरवते. पहिल्या दिवशी तिनं तोंड फिरवलं होतं. बरोबरच होतं तिचं. तरी मी बसून राहिले.

आज निघताना तुझे काका विचारत होते, मग माझं जेवण कोण वाढणार. मी सांगितलं, भाकरी टोपलीत आहे, भाजी चुलीवर आहे, आणि तुमचे दोन्ही हात जागेवर आहेत.

राग आहे तसा लोभही आहे. दोन्ही घ्यायला ये.

तुझी काकी,
विजयमाला