माझी चूक नसलेल्या तीन टेस्ट

२ मार्च
लेकीची नवी नोकरी १ जूनपासून. सकाळी सहाला घराबाहेर. जावई आठवड्याचे चार दिवस फिरतीवर. पाच वर्षांच्या नातीची शाळा बारा किलोमीटरवर, बस नाही. म्हणजे गाडी मीच चालवणार. त्यासाठी इथलं लायसन्स हवं, भारतातलं या देशात चालत नाही. टेस्ट तीनदा देता येते, नंतर सहा महिने बंदी. जावई म्हणाले, नाहीच जमलं तर आमच्या आईला बोलावू, तिच्याकडे इथलं लायसन्स आहे. जादा खोली एकच. म्हणजे विहीणबाई आत, मी बाहेर.
एकतीस वर्षं गाडी चालवतेय, एक ओरखडा नाही. (डाव्या दाराचा धरत नाही. तो खांब आदल्या दिवशी नव्हता.) एका टेस्टचं काम. विहीणबाईंनी बॅग भरायचे कष्ट घेऊ नयेत.

९ मार्च
पहिला धडा. शिकवणारे निवृत्त बसड्रायव्हर. सायकलवाल्याला हॉर्न दिला, तर तो उतरून खिडकीशी आला आणि आपलं काय चुकलं म्हणून विचारू लागला. चुकलं काहीच नाही, मी मागून येतेय एवढं सांगितलं. आपल्याकडे हॉर्न म्हणजे माणुसकी. इथे शिवी. लोक फार हळवे आहेत.
लेक म्हणाली, आई, हा तुझा वॉर्ड नाही, रस्ता आहे. चाळीस नर्सेस हाताखाली असलेल्या मेट्रनला हे ऐकावं लागतं.

१० एप्रिल, दुपार
नापास. हॉर्न फक्त अकरा वेळा वाजवला. इतका संयम मी आयुष्यात पाळला नव्हता. परीक्षकबाई सारखं लिहीत होत्या. मला वाटलं, कौतुक.
संकल्प: हॉर्नला हात लावायचा नाही. पायी माणूस दिसला की थांबायचं. इथे कोणी रस्त्याकडे नुसतं पाहिलं तरी गाड्या थांबतात. आपल्याकडे पायी माणूस स्वतःच्या जबाबदारीवर रस्ता ओलांडतो आणि म्हणून चपळ राहतो.

२८ एप्रिल
नापास. झेब्रा क्रॉसिंगशी एक माणूस उभा होता. थांबले. तो हलेना. मी हाताने 'या' केलं. त्यानेही हात केला. मी आणखी थांबले. मागे नऊ गाड्या, पण एकाही बापड्याने हॉर्न दिला नाही. चार मिनिटांनी परीक्षकबाई हळूच म्हणाल्या की ते गृहस्थ स्वतःचं कुंपण रंगवताहेत.
ब्रश मी पाहिला होता. पण रंगवणाऱ्याला पलीकडे जायचंच नसेल, असं कसं धरायचं?
घरी सांगितलं तेव्हा जावई स्वयंपाकघरात गेले. हसत होते, भांडी वाजवून लपवत होते.

६ मे
विहीणबाईंचा फोन. ताई, अजिबात टेन्शन घेऊ नका, म्हणाल्या. मी पहिल्याच फटक्यात पास झाले तो केवळ योगायोग, असंही म्हणाल्या. तिकीट पाहून ठेवलंय. नुसतं पाहून.
आता रोज दोन तास सराव. नियमांचं पुस्तक पाठ. झोपेतही आरसा बघते, असं नात सगळ्यांना सांगते. तिने मला विचारलं, आजी, तू नापास झालीस तर कुठे जाशील? घरी, म्हटलं. ती म्हणाली, हेच तर घर आहे.
पास व्हायलाच हवं.

२० मे, अकरा वाजता
अठरा मिनिटं निर्दोष. मग अरुंद गल्ली, दोन्हीकडे उभ्या गाड्या, समोरून बस. हॉर्न वर्ज्य. म्हणून सभ्यपणे दिव्यांची दोनदा उघडझाप केली. म्हणजे थांब बाबा, मी येतेय. लहान पोरालाही कळतं.
इथे त्याचा अर्थ म्हणे, या, तुम्ही आधी. बसवाल्याने हसून आभार मानले आणि आत शिरला. मीही शिरले. परीक्षकबाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. नाकाला नाक. तो बसवाला तरीही आभाराचा हात हलवतच होता.
पुस्तकात हे कुठेच नाही. अपील करणार.

२१ मे
अपील नसतं.
 लेक लहानपणी नापास झाली की मी प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी तासभर बोलायचे. ही माझ्या साड्यांना इस्त्री करत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

३० मे, विमानतळ
विहीणबाईंनी सोडलं. मी मागे, नातीशेजारी. गाडी ठीक चालवतात. वाटेत प्रत्येक क्रॉसिंगला थांबल्या. एक म्हातारा काठी टेकत निघाला, त्याच्यासाठी थांबल्या. कुत्र्यासाठी थांबल्या. नात माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. पुढच्या कोपऱ्यावर कोणीच नव्हतं. मी म्हटलं, विहीणबाई, तिथेही जरा थांबा, कोणी येईल. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी थांबवली.
कोणी आलं नाही.