बिझनेस क्लासात दाजींचा सूट

तीर्थस्वरूप दाजींना, त्यांच्या एकुलत्या एका मेहुण्याचा (आणि एकुलत्या एका शिंप्याचा) वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईचा खोकला थांबला का? मी इथे लेकीकडे खुशाल आहे, आणि तुमचा सूटही सुखरूप पोहोचला. (कोणाच्या अंगावर, ते ओघाने येईलच.) देताना तुम्ही घातलेली अट मी विसरलेलो नाही. महिनाअखेरीस शाळेत तुमचा निरोप समारंभ, त्यात तुम्ही हाच सूट घालून भाषण करणार, तेव्हा नेला तसा परत यावा, एक टाकाही हलता कामा नये. अहो, तुमच्या लग्नासाठी तो मीच शिवला, आयुष्यातला पहिला सूट, हाताला घाम फुटायचा तेव्हा. तुमच्याइतकाच माझाही जीव त्यात अडकलेला आहे.

लेकीने बिझनेस क्लासचं तिकीट पाठवलं आणि फोनवर दहादा बजावलं, की बाबा, तिथे मोठमोठी माणसं बसतात, नीट कपडे घाला. शिवाय सासरे न्यायला येणार आहेत, त्यांना सांगितलंय की निळ्या सुटात दिसतील ते माझे बाबा. आता दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्याच्या अंगावर धड कपडा कधी असतो का? म्हणून तुमच्या कपाटाला हात घातला. विमानात शिरून बघतो तर काय, ती मोठमोठी माणसं अंथरुणातून उठून तशीच आल्यासारखी. कुणी ढगळ पायजम्यात, कुणी आंघोळीच्या चपलांत, एका बाईंच्या तर दोन पायांत दोन रंगांचे मोजे. अख्ख्या डब्यात कोट घातलेले आम्ही दोघेच, मी आणि सरबत वाटणारा. त्यामुळे एका गृहस्थांनी माझ्याकडे पाणी मागितलं. वयाने मोठे दिसले, नाही कसं म्हणायचं? आणून दिलं. मग पलीकडच्यांनी उशी मागितली. तीन उशा आणि एक पांघरूण दिल्यावर खऱ्या वाढप्याने मला हाताला धरून जागेवर बसवलं. (कोटाच्या डांबरगोळ्यांच्या वासाने बिचाऱ्याला शिंक आली.)

माझ्या शेजारी एक तरुण होता, आणि इथूनच माझे ग्रह फिरले. दाजी, त्याची निळी पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली! भोकं कसली, खिडक्याच. वाटलं, पोराने पै पै जोडून तिकीट काढलं असेल, पँटीला उरलं नसेल. जेवणं झाल्यावर भर दुपारी खिडक्या बंद करून सगळ्यांना झोपायचे पायजमे वाटले. त्यानेही पँट बदलून शेजारच्या खुंटीला अडकवली आणि घोरू लागला. आता चाळीस वर्षं सुई धरलेल्या माणसाच्या नाकासमोर दोन भोकं लोंबकळताहेत, आणि कॉलरमागे टोचलेली सुई आहेच (ती माझी जन्माची खोड). अडलं फक्त दोऱ्यापाशी. निळा दोरा हवा, आणि निळा म्हणाल तर त्या डब्यात तुमचा कोटच. आतल्या बाजूने एकच धागा ओढला, दाजी. एकच. पण चांगला हातभर निघाला. असा रफू केला, की भिंग लावलं तरी भोक सापडू नये.

तरुण उठला, पँट हातात घेतली आणि ओरडलाच, की ही माझी नव्हे, माझी फाटकी पँट कुठाय? वाढप्यासकट चौघेजण ती शोधायला गुडघ्यांवर बसले. मी अभिमानाने पुढे होऊन सांगितलं, की हीच ती, आणि मजुरी नको. तेव्हा कळलं, की ती भोकंच महाग होती! कुण्या नामांकित माणसाने स्वतःच्या हाताने फाडली होती म्हणे. पोरगा रडायच्या बेतात आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला माझ्या पिशवीतला मापाचा लाडका टेप भेट द्यावा म्हणून वरच्या कप्प्याकडे हात उचलला, आणि कोटाची उजवी बाही खांद्यापासून निघून कोपरापर्यंत घसरली.

तो तरुण बाहीकडे टक लावून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “काका, हा कोट कुणी फाडला?” मी म्हटलं, “मीच.” तो म्हणाला, “भरपाई म्हणून हाच द्या.” तुम्हीच सांगा, त्याचं नुकसान करून वर नाही म्हणणं मला शोभलं असतं का? एका बाहीचा कोट आणि विमानातला पायजमा अशा थाटात तो उतरला, आणि लोक आदराने बाजूला होत होते. बाहेर माझे व्याही फुलं घेऊन उभे. निळा कोट दिसताच त्यांनी त्याला कडकडून मिठी मारली, त्याची पेटी उचलली आणि गाडीपर्यंत नेलं. मी रफू केलेली पँट काखेत मारून मागून पळत होतो. घरी हसून हसून लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ताईचा आशीर्वाद मागतो. नातवंडांना पापा.

तुमचाच,
मेहुणा

ता. क. – सहज विचारतो, तुमची छाती आणि पोट सध्या किती इंच? श्वास न रोखता मोजा. कापड मी घेऊन ठेवलंय, समारंभाआधी नक्की होईल.

ता. क. २ – उजवी बाही सोबत पाठवत आहे. ती मात्र जशीच्या तशी आहे.

ता. क. ३ – चाळीस वर्षांच्या शिंप्याला बाही कोणत्या धाग्यावर उभी असते हे ठाऊक नसतं का, असं तुम्ही विचाराल. ते ताईला विचारा. तो घट्ट झालेला कोट घालून तुम्ही समारंभात बसलात, की तुमचा चेहरा जांभळा होतो आणि तो बघून तिचा घास अडकतो, हे तिने निघताना मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, आणि वर म्हणाली, की हा कोट परत आला नाही तर तुला महिनाभर जेवायला घालीन. मी पुढच्या आठवड्यात पोहोचतोय. दोन्ही वेळा येईन.