खुंटीवरचा कोट आणि न वाचलेलं पान

सर, तुमच्या खोलीतली ती लाकडी खुंटी आता माझ्या ऑफिसात आहे. तुमच्या मुलांनी कपाटं विकली तेव्हा मी एवढी एकच वस्तू मागून आणली. तिच्यावर खून व्हायचे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

खुनाचा खटला आला की तुम्ही मला कोट काढायला सांगायचात. तो खुंटीला टांगायचा, शवविच्छेदनाचा अहवाल मी मोठ्याने वाचायचा आणि तुम्ही खडूने एकेक जखम कोटावर काढायची. मानेच्या डाव्या बाजूला साडेचार इंच, हाडापर्यंत. खांद्यावर तिरकी. पाठीवर दोन, एकीवर एक. मग टेबलावरचा रूळ उचलून तुम्ही विचारायचात, "मारणारा कुठे उभा होता? उजवा की डावखुरा? पहिला घाव कुठला?" आणि उत्तर येईपर्यंत कोटावर सपासप रूळ चालवायचात. एकदा माझं बटण तुटून खिडकीबाहेर गेलं. खाली चहावाला ओरडला, "साहेब, आज कोणाला मारलं?" तुम्ही खिडकीतून म्हणालात, "अजून मरायचाय. चहा पाठव." वर्षाअखेरीस तुम्ही मला नवा कोट शिवून दिलात. "तुझ्या कोटावर फार खून पडलेत बाई. न्यायाधीशांना वास येईल." माझं कौतुक तुम्ही तेवढंच केलंत, आणि तेही कोटाच्या आडून.

हे आज लिहायचं कारण सांगते. माझ्या ज्युनिअरने, हुशार पण जरा घाई करणारी मुलगी आहे ती, ऑफिसात एक सॉफ्टवेअर घेतलंय. खास खटले लढवणाऱ्या वकिलांसाठीचं. दोषारोपपत्राची सहाशे पानं स्कॅन करून त्याला दिली की तासाभरात ते तारीखवार घटनाक्रम लावतं, कोणत्या साक्षीदाराने पोलिसांना काय सांगितलं आणि डॉक्टर काय म्हणतो याचा मेळ घालतं, विसंगती पान क्रमांकासकट दाखवतं, उलटतपासाचे प्रश्नही सुचवतं. मी आधी तोंड वाकडं केलं. नसलेले न्यायनिवाडे रचून सांगणारी यंत्रं असतात, ते निवाडे कोर्टात ठेवून वकिलांची शोभा झालेलीही ऐकली होती. तिला सांगितलं, यातला प्रत्येक निवाडा मूळ ग्रंथात उघडून मला दाखवायचा. ती दाखवते. यंत्र बरं काम करतं, हे मला मान्य करावं लागलं.

त्याची एक सवय मात्र वेगळी आहे. डॉक्टरांचं गिचमीड अक्षर, पुसट कार्बन कॉपी असं काही आलं की ते थांबतं आणि लिहितं: हे पान वाचता आलेलं नाही, वकिलांनी स्वतः तपासावं. शेजारी रिकामी चौकट असते. आपण वाचलं की तिच्यात खूण करायची.

गेल्या आठवड्यात नामपूरकडचा खटला होता. बाजार समितीच्या आवारात कांद्याचा ट्रॅक्टर पुढे कोण लावणार यावरून दोन चुलतभाऊ भिडले, एकाने लोखंडी पहारीने दुसऱ्याचं डोकं फोडलं. यंत्र चार पानांवर अडलं होतं. चारही चौकटींत खूण होती. मी ज्युनिअरला विचारलं, "ही पानं वाचलीस?"

"हो मॅडम. काही नाही त्यात."

सर, तो सूर मी ओळखला. पटकन, हलका, नजर दुसरीकडे. माझ्या हातात फाइल होती, ती मी भिंतीवर फेकली. सहाशे पानं खोलीभर झाली. तुम्ही माझ्यावर ओरडलात तरी कधी कागद फेकला नाहीत, मी फेकला. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मी म्हटलं, "गोळा कर. ती चार पानं काढ. माझ्यासमोर मोठ्याने वाच." तिने वाचली. खरंच काही नव्हतं, औषधांची यादी आणि खाटेचा क्रमांक. डोळे पुसत ती म्हणाली, "मॅडम, काही नव्हतंच ना. मग इतकं कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून सुरगाण्याच्या बाईची फाइल काढली आणि तिला म्हटलं, "ही घाल यंत्रात."

तुम्हाला ती बाई आठवेल. तुम्ही तिला विसरला नव्हता, हे मला माहीत आहे. नवरा कोयता घेऊन अंगावर आला, तिने डाव्या हाताने पातं धरलं, उजव्या हाताने मुसळ घातलं. तो पडल्यावर कोयता घेतला आणि अकरा घाव केले. सासू म्हणत होती की तो झोपला होता. माझ्या कोटावर त्याचे अकरा घाव तुम्ही खडूने काढलेत. तिची एकही जखम काढली नाहीत, कारण तिच्या जखमेचा कागदच नव्हता. तिचा पंजा होता. दोन बोटं वळत नव्हती. पिंजऱ्यातून तो पुढे करून ती म्हणायची, "सायेब, हा हात दाखवा ना त्यान्ला." तुम्ही दाखवलात. सरकारी वकील हसून म्हणाले, भात कापणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातावर विळ्याचे व्रण असतात, हा त्या दिवशीचाच कशावरून?

त्याच्या आधीच तुम्ही मला सरकारी दवाखान्याच्या कागदांचा गठ्ठा दिला होता. "अटकेनंतर तिला तपासलं असणार. तो कागद यात असेल तर सापडला पाहिजे. पान न पान बघ." मला त्या दिवशी येवल्याला जायचं होतं, भावाचं लग्न होतं. चार दिवसांनी परत आले, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तुम्ही विचारलंत, "सापडला?" मी म्हटलं, "सगळं पाहिलं सर. नाही त्यात." तुम्ही म्हणालात, "बरं. बांगड्या छान आहेत."

तिला जन्मठेप झाली. सातव्या वर्षी ती तुरुंगातच वारली. निकालाच्या संध्याकाळी तुम्ही रूळ गुडघ्यावर मोडलात आणि म्हणालात, "मी कमी पडलो." त्यानंतर तुम्ही खुनाचा एकही खटला घेतला नाही. मग तुम्हीही गेलात.

यंत्राने ती जुनी फाइल वाचली. घटनाक्रम लावला, सासूच्या जबाबातल्या तीन विसंगती काढल्या. त्या तुम्हीही काढल्या होत्या. आणि एका पुसट कार्बन कॉपीवर ते थांबलं. हे पान वाचता आलेलं नाही. वकिलांनी स्वतः तपासावं.

मी भिंग घेऊन खिडकीपाशी बसले. अर्धा तास लागला. तिच्याच तपासणीचा कागद, घटनेच्याच दिवसाची तारीख. डाव्या तळहातावर आडवी ताजी जखम, दोन स्नायुबंध तुटलेले. डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला आणखी दोन, हात आडवा धरल्यावर होतात तशा. ती सुटली असती असं मी म्हणत नाही. अकरा घाव होते. पण तो आधी कोयता घेऊन आला हे दिसलं असतं, जन्मठेप टळली असती. कधीतरी घरी गेली असती.

ज्युनिअर खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, "बाप रे. हे तुमच्या सरांच्या नजरेतून सुटलं?"

मी म्हटलं, "त्या काळी असे कागद सुटायचे."

सर, त्या यंत्राला जे वाचता आलं नाही ते त्याने वाचलं नाही असं लिहिलं. माझ्या तोंडून तेवढं वाक्य निघालं नव्हतं आणि आता, डोक्याचे केस पांढरे झाल्यावर, मी ते तुमच्या नावावर टाकलं.

आज सकाळी तुम्ही दिलेला कोट खुंटीला टांगला. डाव्या बाहीवर खडूने दोन रेघा काढल्या, बाहीच्या टोकाशी एक आडवी. ज्युनिअर आली. फेकलेल्या फाइलचा राग अजून तिच्या चेहऱ्यावर होता. म्हणाली, "हा कोणाचा खून, मॅडम?"

"खून नाही. माझ्या अशिलाच्या जखमा आहेत. सरांनी हा कागद शोधायला मला सांगितलं होतं. मी न बघता नाही म्हटलं."

ती कोटाजवळ आली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला त्या दिवशी बस गाठायची असेल."

सुरगाण्याच्या खटल्याच्या दिवसांत येवल्याच्या लग्नाला बसने गेल्याचं मी तिला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं. मला सोडवायला बघत होती. इतकी वर्षं मीही स्वतःला हेच सांगत आले, की बस सुटत होती. मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिते. बस पाचची होती, सर. गठ्ठा मी साडेतीनलाच बांधला. मधला दीड तास मी मेन रोडला कासाराकडे बसून बांगड्या भरल्या.