सासूबाईंच्या बिछान्याखालचे मीठ

मी, मात्युरिन बेशे, दिवंगत तूसें गोदें यांची विधवा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जवसाच्या सुताचे कापड विणणे, राहणार ब्रुसिन्येर, लाव्हाल शहराच्या पश्चिमेस. मी माझ्या घरात, खिडकीशेजारच्या पलंगावर पडून, पण डोके पूर्ण ताळ्यावर असताना, कोणी शिकवले म्हणून नव्हे व कोणी धमकावले म्हणूनही नव्हे, नोटरी देलोने साहेबांना हे सांगते आहे आणि ते लिहून घेत आहेत. मला लिहिता येत नाही. खाली नावे असलेले चार गृहस्थ बाकावर बसून ऐकत आहेत.

साहेबांनी सुरुवातीला "राजेसाहेबांच्या कारकिर्दीच्या अमुक वर्षी" असे घातले होते. ते मी खोडायला लावले.

"बाई, तसा रिवाज आहे," साहेब म्हणाले.

"तुमच्या रिवाजाचंच तर सांगायचंय. नुसती तारीख घाला."

त्यांनी खोडले. कागदावर डाग दिसतो तो त्याचा.

घर, त्यामागची खोली, विहिरीचा अर्धा हक्क आणि ओढ्याकाठचा जवसाचा तुकडा माझी एकुलती मुलगी झाकीन हिला. माग, दोन्ही फण्या, पाच धोटे हेही तिलाच. मोठ्या फणीचे तीन दात मोडके आहेत, ते तिच्या नवऱ्याने मोडले, मी नव्हे, हे लिहून ठेवा, म्हणजे पुढे माझ्या नावावर बोंब नको. कोंबड्या शेजारच्या उर्सूलला. तिने गेल्या हिवाळ्यात माझे पाय शेकले. तिच्या सुनेला मात्र एक पीसही मिळू नये. ती मला खालच्या आवाजात "म्हातारी गजवाली" म्हणते आणि तिला वाटते मला ऐकू येत नाही.

गजवाली का, ते आता सांगते. साहेब म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणते, बसवा. माझ्याकडे ठेवून जाण्यासारखे हेच जास्त आहे.

बाकावरच्या चौघांतले शाळामास्तर रूझे मघाशी म्हणाले की, राज्य उलथले ते पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकांमुळे आणि राजाचा खजिना रिकामा झाल्यामुळे. असेल. मास्तर शिकलेले आहेत. पण ब्रुसिन्येरमध्ये त्या वेळी पुस्तक एकच होते, पाद्रीबाबांचे, आणि तेही लॅटिनमध्ये. आमच्याकडे कशामुळे झाले ते मला विचारा. मी तिथे होते. माझे हात त्यात होते.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावापासून दोन कोसांवर ब्रेतान्य प्रांताची हद्द. तिकडे मिठावर कर नाही, इकडे तेच मीठ पंचवीस पट महाग. शिवाय घरातल्या आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरलेले मीठ सरकारी कोठारातून घ्यावेच लागे, लागो न लागो. आणि ते फक्त रश्श्यात घालायचे. त्याच मिठात डुक्कर मुरवले तर गुन्हा. डुक्कर मुरवायला वेगळे मीठ, वेगळी पावती. म्हणजे मीठ घरात आहे, डुक्कर कापलेले आहे, आणि मांस सडू द्यायचे.

सन १७८४ च्या नोव्हेंबरात आम्ही डुक्कर कापले. माझा धाकटा भाऊ आंब्रुआज तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. तो काटेरी कुंपणांच्या आडून ब्रेतान्यचे मीठ आणायचा. त्याने एक पोते आणून दिले. अर्धे डुकराला लावले, अर्धे सासूबाईंच्या बिछान्याखाली गवतात लपवले. सासूबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मरायला टेकलेल्या बाईला कोण उठवणार, असे आम्हाला वाटले. ही जागा तिघांना ठाऊक होती. मला, माझ्या नवऱ्याला आणि आंब्रुआजला. सासूबाईंनासुद्धा आम्ही सांगितले नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी मिठाचे पहारेकरी आले. त्यांचा म्होरक्या कोर्सेल. त्याच्या हातात तो लोखंडी गज असे, पुरुषभर उंचीचा, टोकाला धार, धान्याच्या कणगीत नि गवतात खुपसून बघायला. त्याने कणगी बघितली नाही. चूल बघितली नाही. पिंपात बोट बुडवून चाटायची त्याची सवय होती, तेही केले नाही. तो सरळ बिछान्याकडे गेला.

"म्हातारीला उचला," तो म्हणाला.

"ती उचलली तर मरेल," तूसें म्हणाला. "हाडं पिचलीत तिची."

"मग पडू दे तशीच." असे म्हणून त्याने गज बाजूने खुपसला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सासूबाई ओरडल्या. गज गवतातून वर येऊन त्यांच्या मांडीत शिरला होता. कोर्सेलने तो ओढून बाहेर काढला, टोक नाकाशी नेले, जिभेला लावले आणि म्हणाला, "मीठच आहे."

त्या टोकावर रक्तही होते. ते त्याने चाटले. हे मी पाहिले आहे.

तूसेंने मागाचा जाड लाकडी दांडा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात जमिनीवर पडले. मग पाच जणांनी मिळून तूसेंला उंबऱ्यावर आडवा घालून मारले. एकाने त्याच्या हाताच्या बोटांवर टाच देऊन गोल फिरवली. विणकराची बोटे. झाकीन नऊ वर्षांची होती, ती मागाखाली शिरून बसली होती. सासूबाई अकराव्या दिवशी गेल्या. मांडी काळी पडून घराला वास सुटला होता. डुक्कर तर त्यांनी जप्त करून नेलेच होते.

पहारेकऱ्यावर हात उचलला म्हणून तूसेंला नऊ वर्षे ब्रेस्टच्या बंदरात बेडीची सजा झाली. पाठवण्याआधी बाजाराच्या दिवशी चौकात डाग दिला. तापवलेली सळई खांद्यावर टेकवली तेव्हा तो ओरडला नाही. नंतर त्यांनी त्यावर चरबी चोळली तेव्हा ओरडला. मला मागून आंब्रुआजने धरून ठेवले होते. "ताई, बघू नकोस," असे तो म्हणत होता आणि माझ्यापेक्षा जास्त रडत होता. तूसें तिसऱ्या वर्षी तिथेच मेला. मला कळले ते आणखी सहा महिन्यांनी.

१७८९ च्या मार्चमध्ये राजाने गाऱ्हाणी मागवली. चर्चमध्ये बैठक झाली. मी विधवा, घर माझ्या नावावर, म्हणून मला दाराशी उभे राहू दिले. वकील लिहून घेत होता. कोणी रस्त्याचे सांगितले, कोणी जहागीरदाराच्या कबुतरांचे. मी म्हटले, "म्हातारीच्या मांडीचं लिहा."

वकील हसला. "बाई, राजेसाहेबांना असं लिहीत नाहीत." त्याने लिहिले, "मिठावरील कर प्रजेस जाचक वाटतो." बस्स, एवढेच. आमच्या सगळ्या घराचे त्याने एवढेच केले. मास्तर, तुम्हाला कारण हवे असेल तर तिथे, त्या दाराशी उभी असताना मी मनात ठरवले, हे धरा.

जुलैच्या शेवटी बाजारगावातले मिठाचे कोठार फुटले. आजूबाजूच्या सात गावांचे लोक भर दुपारी कुऱ्हाडी घेऊन गेले. दार तुटले तशा बायका घागऱ्यात, टोपीत, लाकडी जोड्यात मीठ भरू लागल्या. पायाखाली मीठ असे करकरत होते की बोललेले ऐकू येईना. कोर्सेलला माळ्यावरून ओढून आणले. पहिला दगड आंब्रुआजने मारला, तोंडावर. "मारा ह्याला, बोलू देऊ नका!" असे तो ओरडत होता. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला.

कोर्सेल गुडघ्यांवर आला. त्याचा गज कोणीतरी माझ्या हातात दिला. लोक बाजूला झाले, कारण कोणाचे काय देणे होते ते सगळ्यांना ठाऊक होते.

त्याने मला ओळखले. तोंडात रक्त होते, तरी बोलला. "बाई, मी आपणहून बघितलं नाही. मला सांगितलं होतं. बिछाना बघ, म्हणून. तुझ्या भावानंच..."

मी गज त्याच्या गळ्यात घातला.

लोकांना वाटले, मी नवऱ्यासाठी आणि सासूसाठी मारले. पंचायतीत माझे कौतुक झाले. खरे असे की, ते नाव पुढे कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून मी मारले. आधी माझा हात वर गेला होता हे खरे, पण तो खाली कशाने आला ते मला माहीत आहे. तो गज बाहेर काढायला मला पाय द्यावा लागला. कोर्सेलच्या छातीवर पाय देऊन मान वर केली तर दहा पावलांवर आंब्रुआज उभा. त्याने हातातला दुसरा दगड खाली टाकला. आम्ही एकमेकांकडे बघितले, आणि त्याला वाटले, मला ऐकू आले नाही.

नंतर मिठावरचा कर गेला, राजा गेला, सम्राट आला, कर परत आला, राजाचा भाऊ आला आणि कर त्याने तसाच ठेवला. आंब्रुआज माझ्या मागच्या खोलीत बत्तीस वर्षे राहतो आहे. त्याने लग्न केले नाही. दर रविवारी तो माझ्या टेबलाशी जेवतो.

आज मी त्याला बोलावले आहे. जे बोलणे होईल ते साहेबांनी जसेच्या तसे लिहावे.

तो आला. टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला.

"बस, आंब्रुआज. कोर्सेल काय म्हणाला होता ते मी ऐकलं होतं."

तो बसला नाही. म्हणाला, "कधी?"

"तेव्हाच. त्याचं पुरतं बोलून व्हायच्या आधीच."

"मग बत्तीस वर्षं मला जेवायला का वाढलंस, ताई?"

"दर रविवारी वाटायचं, आज सांगशील."

तो भिंतीला टेकला. मग त्याने सांगितले. आमचे पोते पोचवल्यावर, त्याच रात्री दुसऱ्या खेपेला, ओढ्याच्या उतारावर त्याला पोत्यासकट धरले होते. कोर्सेलने शेकोटीत सळई घातली होती. "एक घर सांग, नाहीतर आत्ताच डाग देतो, आणि वर नऊ वर्षं बेडी." आंब्रुआजने त्याला दोन दिवस खोटी घरे सांगितली. तिसऱ्या दिवशी त्यांनी सळई त्याच्या पायाच्या तळव्याला लावली. "मला वाटलं दंड होईल. फार तर पोतं नेतील. म्हातारीला गज लागेल असं मला... ताई, मला सोडलं होतं, मी कुंपणामागे येऊन लपलो होतो. मी तिचं ओरडणं ऐकलं."

"आणि आत आला नाहीस."

"नाही आलो."

त्याने जोडा काढून तळवा दाखवला. तिथली कातडी पिवळी, गुळगुळीत आहे. बत्तीस वर्षांत मी त्याला अनवाणी पाहिलेले नाही, हे माझ्या आता लक्षात आले.

मी या कलमात आधी असे सांगणार होते की आंब्रुआज बेशे याने माझे डोळे मिटताच आठ दिवसांत खोली सोडावी. साहेबांनी ते लिहूनही ठेवले होते. ते खोडा. त्याऐवजी लिहा: मागची खोली त्याची, तो जिवंत आहे तोवर. झाकीनने त्याला रविवारी जेवायला वाढावे. मी त्याला माफ केले असे मात्र लिहू नका, कारण केलेले नाही. सासूबाईंच्या वतीने माफ करायचा अधिकार मला नाही, आणि तूसेंच्या वतीने तर मुळीच नाही.

कोर्सेलला कोठारामागे खड्ड्यात टाकले होते. त्याची बायको दोन मुले घेऊन तिथून निघून गेली, कुठे ते कोणी विचारले नाही. त्याच्या नावाने एक प्रार्थना व्हावी. पाद्रीबाबांनी माझे नाव सांगायचे नाही असे ठरवले, तर त्यांना म्हणावे, सांगाच.

हे मृत्युपत्र गावच्या चौकात, रविवारी, लोक चर्चमधून बाहेर पडताना मोठ्याने वाचावे. आंब्रुआजला मी विचारले, "तुझं कलम वगळून वाचायला सांगू का?"

तो म्हणाला, "नको. मीपण खाली निशाणी करतो."

साहेब म्हणाले, "ज्याला मिळकतीत काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही. कायदाच आहे."

"साक्षीदार नाही हो साहेब," आंब्रुआज म्हणाला. "कबुली म्हणून."

साहेबांनी चौघांकडे बघितले. मास्तर रूझेंनी स्वतःची दौत पुढे सरकवली.

सगळे मला वाचून दाखवले. माझ्या तोंडचे आहे. याआधीचे कोणतेही लिखाण निघाले तर ते खोटे समजावे.

ब्रुसिन्येर, दिनांक ९ ऑक्टोबर १८२१, दुपारी.

मात्युरिन बेशे, विधवा गोदें. निशाणी: फुली.

साक्षीदार: एत्यें रूझे, शाळामास्तर. मारें पोतिये, सुतार. लेओनार दुबुआ, नालबंद. फ्लोराँ ताबुरे, शेतकरी, यांचीही फुली.

लिहून घेणार: सेव्हरें देलोने, नोटरी.

सर्वांच्या खाली, कायद्याने आवश्यक नसताना, आंब्रुआज बेशे, वय सहासष्ट, याची फुली. त्याने शेजारी नोटरी साहेबांकडून एवढेच लिहून घेतले: कोर्सेल खरे बोलत होता.