डोक्यातलं सांगत राहा

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची रायपूरला! यवतमाळचं नेट ऐन वेळी दगा देतं, म्हणून ऑनलाइन मुलाखती संपेपर्यंत इथल्या तात्यापारा मोहल्ल्यात विजयामावशीकडे मुक्काम. काका रेल्वेत होते. ते गेल्यापासून ती एकटीच. तिला बोलायला माणूस हवंच होतं. आल्याआल्या तांदळाच्या पिठाचा गरम वाफवलेला फरा आणि टमाटरची चटणी पुढ्यात आली. मी हावरटासारखी खाल्ली.
एवढ्या मोठ्या कंपनीने मला बोलावलं यावर माझाच विश्वास बसत नाही. इंजिनियर होऊन दोन वर्षं घरी बसले आहे. माझं कुणी विचारलं की बाबा हल्ली विषय बदलतात. ही नोकरी मला हवीच आहे.

४ नोव्हेंबर
या मुलाखतीत नुसता प्रोग्राम लिहून भागत नाही. लिहिताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने सांगत राहावं लागतं. दिवसभर तोच सराव. मावशी दारातून डोकावून म्हणाली, काहून वं पोट्टी, भिंतीसंग बोलून राहिली काय?

६ नोव्हेंबर
पहिली फेरी पार! समोरच्या माणसाने कॅमेरा मात्र बंदच ठेवला. माझ्या उत्तराशी त्याला देणंघेणं नव्हतं. आधी काय सुचलं, ते का सोडलं, हेच खोदून खोदून विचारत होता. मी सवयीने 'थांबा हं, असं बघू' म्हणत बडबडत राहिले. मध्येच तो माझं वाक्य हळू आवाजात पुन्हा म्हणायचा.
मावशीला हे मुळीच आवडलं नाही. तोंड न दाखवणारा माणूस कसला, तुले फसवून राहिले ते, असं तिचं म्हणणं. मलाही शंका आली, म्हणून कंपनीकडे चौकशी केली. सगळं खरं निघालं.

९ नोव्हेंबर
दुसरी फेरी. आज बाई होती, कॅमेरा आजही बंद. मी एके ठिकाणी अडले तेव्हा तिने सुरुवात केली, थांबा हं, असं बघू. माझीच लकब, माझ्याच सुरात! अंगावर काटा आला.
संध्याकाळी पहिल्या फेरीतला प्रश्न सहज पुन्हा सोडवायला घेतला. जमेना. उत्तर आठवतं, पण ते सुचलं कसं, ते डोक्यातून साफ गेलंय. थकले असेन.

१२ नोव्हेंबर
तिसऱ्या फेरीत प्रोग्रामच नव्हता. घरचं सांगा, म्हणाली तीच बाई. तिचा आवाज आता अगदी माझा. मावशीने दारातून मानेने नको नको केलं. मला तिचाच राग आला. नोकरी काय तिला हवी आहे? सांगितलं सगळं. आईचं आजारपण, आमची भांडणं, बाबा लाडाने कोणत्या नावाने हाक मारतात ते.
ते नाव आता मला आठवत नाही.

१३ नोव्हेंबर
बाबांचा फोन. आनंदाने रडत होते. नोकरी लागल्याचं सकाळी मीच त्यांना कळवलं म्हणे. मी आज कुणालाच फोन केलेला नाही — तसं सांगायला गेले तर आवाज फुटेना. बाबा हॅलो हॅलो करत राहिले. मग हसून बोलायला लागले. त्यांना कुणीतरी उत्तर देत होतं —

१४ नोव्हेंबर
घसा दुखत नाही. नुसता आवाज नाही.
लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला. कुलूप लावलं. भीती वाटते आहे, फार —
कपाटातून मी मावशीला हाक मारते आहे. स्वयंपाकघरातून मावशी म्हणते, आली वं बाई, आली.
ही वही तिला दाखवते. अक्षर तरी माझंच —
नाही. आधी कपाटातून वाक्य ऐकू येतं, मग माझा हात चालतो.
थांबा हं, असं बघू. मावशी, मी मजेत आहे. मला नोकरी लागली. काळजी करू नकोस. मी अगदी मज— मावशी, हे मी ना