पणजोबांची बढती

दादा,

घराण्याचा इतिहास लिहायचं तू ठरवलंस आणि जुनी दप्तरं धुंडाळायला मला पाठवलंस, कारण मी रिकामी आणि फुकट. पणजोबा इस्पितळात काय करायचे ते शोधून मी तुला कळवलं. धुलाईखान्यात चादरी धुवायचे.

फोनवर तू म्हणालास, "असं कुठं छापतात का? वैद्यकीय सेवेत होते, असं घाल."

वा! स्वतः डॉक्टर झालास तेवढ्यानं भागेना, मेलेल्या माणसालाही बढती हवी.

मग मी आत्याकडे गेले. पणजोबांना पाहिलेली ती एकटीच उरली आहे, पण तुझ्या मते तिला भ्रम होतो. ती म्हणाली, "आजोबा धुतलेली चादर नाकाला लावायचे. जरा वास आला की पुन्हा सोड्यात. हाताची सालं निघायची त्यांच्या."

मग तू स्वतःच लिहून पाठवलेला वैद्यकीय सेवेचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा तिला हसू आवरेना. "तो मोठा झालाय ना एवढा? मग माझ्या आजोबांना लहान राहू दे म्हणावं."

मुद्रितं तपासायचं कामही तू माझ्याच गळ्यात मारलंस. आज ती छापखान्यात दिली. तुझी दोन पानांची वैद्यकीय सेवा काढून तिथं आत्याचं बोलणं घातलं आहे, शब्दाला शब्द.

हे पत्र मी टाकणार नाही. प्रकाशनाला पणजोबांचं पान तू स्वतः वाचून दाखवणार आहेस ना, तेव्हा कळेलच. आत्याला मी पहिल्या रांगेत बसवते आहे.

तुझी फुकटची,
धाकटी